किनारी वारे आणि प्रदूषणाचे पूर्वानुमान

समुद्रकिनाऱ्यावरील शहरांची हवा वाऱ्यामुळे आपोआप शुद्ध राहते, हा समज अर्धाच खरा आहे. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरील हवा वर चढते आणि समुद्रावरून खारे वारे आत येतात. रात्री जमीन लवकर निवते व मतलई वारे उलट दिशेने वाहू लागतात. रात्री समुद्रावर गेलेला धूर दुसऱ्या दिवशी खाऱ्या वाऱ्यांबरोबर परतू शकतो. तेव्हा ‘समुद्राची स्वच्छ हवा’ म्हणून छातीभर घेतलेल्या श्वासात कालचाच धूर असतो!

याहून फसवा प्रकार किनाऱ्यावरील उंच धुराड्यांचा. समुद्रावरून येणारी हवा थंड व स्थिर असल्याने तिच्यात सोडलेला धूर फारसा न पसरता अरुंद पट्ट्याने उंचावरून आत सरकतो. जमिनीवरून वाहताना मात्र ही हवा खालून तापत जाते आणि घुसळणीचा थर किनाऱ्यापासून आत जावे तसा उंचावतो. हा थर धुराच्या पट्ट्याला गाठतो तेथे धूर एकाएकी खाली उतरतो. परिणामी धुराड्याच्या पायथ्याशी राहणारे सुटतात आणि काही किलोमीटर आतल्या वस्तीला त्रास होतो.

ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ पास्क्विल यांनी १९६१ मध्ये वाऱ्याचा वेग आणि ऊन यांवरून वातावरणाच्या स्थैर्याचे सहा वर्ग पाडले. त्यावर आधारलेली गणिते जगभर वापरली गेली. पण ती वारा एकाच दिशेने सतत वाहतो असे गृहीत धरतात. किनाऱ्यावर नेमके तेच घडत नाही. म्हणून आता संगणकीय प्रारूपात हजारो काल्पनिक कण सोडून बदलत्या वाऱ्याबरोबर त्यांचा माग काढला जातो. अशा प्रारूपाला वारा पालटण्याची वेळ तास-दोन तासांनी चुकली, तरी धूर भलत्याच उपनगरावर दिसतो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची ‘सफर’ ही पूर्वानुमान यंत्रणा मुंबईत २०१५ मध्ये सुरू झाली. हिवाळ्यात येथे जमिनीवरील वाऱ्यांचा जोर राहतो, खारे वारे उशिरा येतात आणि सकाळची हवा कोंडते. २०२२-२३ च्या हिवाळ्यात शहराची हवा वारंवार बिघडली, तेव्हा शास्त्रज्ञांनी मंदावलेल्या वाऱ्यांकडे बोट दाखवले. बांधकामांची धूळ आणि वाहनांचा धूर तर होताच. त्या वर्षी तो वाहून नेणारा वारा उणा पडला.