तुमसरहून नाकासमोर उत्तरेला

१८ एप्रिल २००४. तुमसर रोडच्या फलाटावर तू उभी आहेस. तिरोडीकडची गाडी अजून यायची आहे. ओढणीनं डोकं-तोंड गुंडाळलंय, फक्त डोळे उघडे. पलीकडच्या रुळावर मालगाडी थांबलीय, डब्यांत मँगनीजचे काळे ढीग. ऊन इतकं, की रुळांकडे बघवत नाही.

निघताना मायनं विचारलं होतं, “कुठं चालली वं? एकटीच?” तू एकविशीची. घराबाहेर पडायला तुला कारण लागतं: कॉलेज, दवाखाना, कोणाचं लग्न. उगाच जावंसं वाटलं, हे कारण आपल्याकडे चालत नाही.

आज गाडी सोड. नाकासमोर उत्तरेला चाल. बावनथडी ओलांड, मग गंगा, मग हिमालय. कझाकस्तानचं गवताळ रान मागे टाक, सैबेरिया मागे टाक. साडेसात हजारांहून जास्त किलोमीटर गेल्यावर उत्तर ही दिशाच संपते. तिथून कुठंही पाऊल टाक, ते दक्षिणेलाच पडणार.

तारीख तीच आहे. पायाखाली जमीन नाही, गोठलेला समुद्र आहे. थंडी उणे ३७ अंश. फलाटावरच्या उन्हापासून तू जवळजवळ ऐंशी अंश खाली आलीस. सूर्य मार्चमध्ये उगवलाय, तो सप्टेंबरात बुडेल. तोवर घाण्याच्या बैलासारखा क्षितिजावर गोल फिरत राहील.

आता वर ये, रशियन एमआय-८ हेलिकॉप्टरात. २,४०० फुटांवर दार उघडं आहे. दाराशी पुण्याची शीतल महाजन. वय तुझ्याएवढंच, एकवीस. दोन वर्षांपूर्वी भारताच्याच रेचेल थॉमस याच ध्रुवावर हवाई छत्रीनं उतरल्या होत्या, पण त्यांनी पहिली उडी १९७९ सालीच मारलेली. हात बसलेला होता. शीतलनं आजवर एकही उडी मारलेली नाही. सरावाचीसुद्धा नाही. पोहायला शिकणारी पोर विहिरीच्या पायरीवर न बसता थेट समुद्रात शिरावी, तसं हे.

तुझ्या पोटात गोळा येतो. तिच्या पोटात काय होतंय, ते टोपी-चष्म्याआडून दिसत नाही. दारात क्षणभर आकृती दिसते, मग नुसतं दार उरतं. तू वाकून खाली बघतेस. छत्री उघडलेली आहे. पांढऱ्यावर एक ठिपका हळूहळू खाली जातो, आणि टेकतो.

तारखा पटपट उलटतात. १५ डिसेंबर २००६, दक्षिण ध्रुव. आता पाय टेकायला समुद्र नाही, जवळपास तीन किलोमीटर जाडीचं बर्फ आहे. उडी ११,६०० फुटांवरून. दोन टोकं झाली.

इथून मागे फीर. पार मागे. १९८५चा जुलै, तुमसरजवळची धानाची बांधी. पाऊस धरून आहे. आजी रोवणीला उभी आहे, म्हणजे वाकलेली आहे. लुगड्याचा कसोटा घट्ट, काठ गुडघ्याच्या वर, पोटऱ्या चिखलात. डाव्या हातात पऱ्ह्यांची जुडी, उजवा हात सुईसारखा चालतो: टोच, मागे सर, टोच. रांगेतल्या सगळ्याजणी एका तालात मागे सरकतात. तू दहा मिनिटं करून बघ. कंबर बोलू लागेल. आजी हे सकाळपासून करतेय, आणि घरी जाऊन चूल पेटवायचीच आहे.

बाईनं अंग हलवू नये, असं या गावात कधी कोणी म्हटलं नाही. रोवणी, कापणी, पाणी, मोळी, सगळं तिच्याच अंगावर. पण त्या हलण्याला काम हे नाव असावं लागतं. आजी एखाद्या संध्याकाळी उगाच बांधावरून धावत सुटली असती, तर लोकांनी तिला पाणी पाजून घरी आणून निजवलं असतं.

आता डोळे मिटून उघड. फेब्रुवारी २०१८, थायलंडमधलं पटाया, १३,००० फूट. शीतल विमानाच्या दारात आहे, आणि अंगावर नऊवारी. सव्वाआठ मीटर कापड, पिना आणि चिकटपट्ट्यांनी जागच्या जागी बांधलेलं. छत्री उघडण्याआधी शरीर ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगानं पडतं. त्या वाऱ्यात एक सुटलेला पदरही जिवावर बेतू शकतो. ती उडी घेते. तू जवळून बघ: पायांमधून मागे खोचलेला तो कसोटा तुझ्या ओळखीचा आहे. बांधीत चिखलासाठी होता, इथं वाऱ्यासाठी.

दोन थांबे घाईनं घे. १८ मे २०१३, एव्हरेस्टचं शिखर. जेद्दाची राहा मोहर्रक वर पोचलीय, तिथं पोचलेली पहिली सौदी स्त्री. तिच्या देशात सरकारी शाळांतल्या मुलींना खेळाचा तास मंजूर व्हायला अजून चार वर्षं आहेत. मग १३ नोव्हेंबर २०२३, तोच एव्हरेस्ट समोर. शीतल २१,५०० फुटांवरून हेलिकॉप्टरातून झेपावते आणि काळापत्थरला १७,४४४ फुटांवर उतरते. हवा विरळ, छत्रीला धरायला थोडीच, म्हणून जमीन अंगावर धावून येते. एकविशीत सरावाशिवाय निघालेली ती आता चाळिशी ओलांडलेली, पद्मश्री, जुळ्या मुलांची आई. पुण्यात तिनं फिनिक्स नावाची अकादमी काढलीय. पहिल्या उडीआधी सराव मिळावा, ही सोय ती आता दुसऱ्यांसाठी करते.

आणि तू परत तुमसरला. आजची दुपार, शाळेचं मैदान. तू आता इथली बाई आहेस. पी.टी.चा तास चालू आहे. मुलांनी मैदान धरलंय. मुली कडुनिंबाखाली, एकमेकींच्या वह्या उतरवत. सौदीतल्या मुलींना जो तास मिळवावा लागला, तो यांच्या वेळापत्रकात कधीपासून छापलेला आहे.

कोपऱ्यात लांब उडीचा खड्डा आहे, रेती दगडासारखी घट्ट झालेली. तू फावडं मागवतेस. रेती भुसभुशीत होईपर्यंत दोघी-तिघी उठून बघायला येतात. “बाई, कोणाची परीक्षा हाय?” एकजण विचारते.

“कोणाचीच नाही,” तू म्हणतेस. ओढणी कंबरेला खोचतेस, आजी खोचायची तशी, आणि धावायला पंधरा पावलं मागे जातेस.