सिंगापूरला नवीन आहात? १५ फेब्रुवारीचा भोंगा कशासाठी वाजतो आणि क्रांजीला भारतीयांनी का जावं?

नोकरीसाठी किंवा शिकायला नुकतंच सिंगापूरला गेलेलं कुणीही पहिल्या १५ फेब्रुवारीला दचकतं. संध्याकाळी ६ वाजून २० मिनिटांनी शहरभर भोंगे वाजतात, आणि आजूबाजूची माणसं मात्र निवांत बसची वाट बघत उभी असतात. घाबरायचं कारण नसतं. तो सराव असतो. वेळ मात्र मुद्दाम निवडलेली आहे: १९४२ साली याच दिवशी, याच सुमाराला ब्रिटिशांनी जपानपुढे शरणागती पत्करली.

ब्रिटिशांच्या इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या शरणागतींमध्ये ती मोजली जाते. सिंगापुरात त्या दिवशी शस्त्रं खाली ठेवणाऱ्या सैन्यात जवळपास निम्मे जवान भारतीय होते. शाळेच्या पुस्तकात आपल्याला सिंगापूर भेटतं ते थेट नेताजींच्या भाषणात. त्याआधी काय झालं, हे कळायला क्रांजीला जावं लागतं.

क्रांजीत नेमकं काय आहे?

एमआरटीच्या लाल लाइनवर बेटाच्या उत्तर टोकाला क्रांजी स्टेशन आहे. तिथून साधारण १५ मिनिटं चालल्यावर टेकडीच्या उतारावर हिरवळ आणि पांढऱ्या दगडांच्या रांगा दिसतात. हेच क्रांजी वॉर मेमोरियल. तिकीट नाही, पण सावलीही फारशी नाही, त्यामुळे सकाळीच गेलेलं बरं.

उतारावर ४,४०० हून अधिक सैनिकांच्या कबरी आहेत. त्यातल्या साडेआठशेहून जास्त कबरींमध्ये कोण आहे, हे आजही माहीत नाही. वर टेकडीवर विमानाच्या आकाराचं स्मारक आहे. त्याच्या खांबांवर २४ हजारांहून जास्त नावं कोरली आहेत. ज्यांची कबरच सापडली नाही अशांची ही यादी. त्यात हजारो भारतीय आहेत.

बरेच जण इथूनच फोटो काढून परततात आणि मागचं छोटं स्मारक बघायचं राहून जातं. कबरींमध्ये हिंदू आणि शीख नावं इतकी कमी का, याचं उत्तर तिथे आहे. ज्यांच्यावर त्यांच्या धर्माप्रमाणे अग्निसंस्कार झाले, अशा जवळपास ८०० जणांची नोंद या स्मारकावर आहे. त्यातले बहुतेक भारतीय सैन्यातले. कबर नाही म्हणून नाव पुसलं जाऊ नये, एवढ्यासाठी ते उभारलं.

(क्रांजीला गेलात तर खिशातली नोट काढून बघा. तिच्यावरचा चेहरा सिंगापूरचे पहिले राष्ट्राध्यक्ष युसुफ इशाक यांचा. त्यांची कबर या स्मारकालाच लागून आहे.)

मग आझाद हिंद सेना?

ती गोष्ट सुरू होते ते ठिकाण अनेक भारतीयांच्या रोजच्या वाटेवर आहे. मुस्तफा सेंटरमध्ये डाळ-तांदूळ घ्यायला जाणारे ज्या फेरर पार्क स्टेशनवर उतरतात, तिथल्याच मैदानावर १७ फेब्रुवारी १९४२ ला भारतीय युद्धकैद्यांना गोऱ्या अधिकाऱ्यांपासून वेगळं करून जपान्यांच्या ताब्यात दिलं गेलं. कॅप्टन मोहन सिंग यांनी तिथेच त्यांना नव्या फौजेत यायचं आवाहन केलं. अनेक जण गेले. अनेकांनी नकार दिला, आणि त्यातल्या हजारोंना जपान्यांनी पुढे न्यू गिनीसारख्या दूरच्या बेटांवर मजुरीला पाठवलं. तिथे उपासमारीने आणि रोगराईने किती तरी मेले. एकाच बराकीतल्या दोघांच्या वाटा त्या मैदानावर फुटल्या असतील.

याच युद्धकैद्यांमध्ये सावंतवाडी भागातले जगन्नाथराव भोसले होते. २१ ऑक्टोबर १९४३ ला नेताजींनी सिंगापुरात जाहीर केलेल्या आझाद हिंद सरकारात ते होते, आणि स्वातंत्र्यानंतर लोकसभेवर निवडून गेले. मुंबईत मंत्रालयाजवळचा जगन्नाथ भोसले मार्ग त्यांच्याच नावाचा.

नेताजींनी ८ जुलै १९४५ ला एस्प्लनेडजवळ आझाद हिंद सेनेच्या शहिदांच्या स्मारकाची पायाभरणी केली. ब्रिटिश परतले आणि त्यांनी ते सुरुंग लावून पाडलं. आज तिथे १९९५ साली बसवलेली खूणशिळा आहे. आकाराने छोटी आहे. शोधत गेलं नाही तर सहज चुकते.

इथे थोडं जपून

नवख्या भारतीयाची इथेच पंचाईत होते. ऑफिसात उत्साहाने नेताजींचा विषय काढावा आणि शेजारच्या चिनी वंशाच्या सहकाऱ्याने नुसतं हसून विषय बदलावा, असं होऊ शकतं. आझाद हिंद सेना ज्या जपानच्या मदतीने उभी राहिली, त्याच जपानी सैन्याने शहर पडताच चिनी पुरुषांना चौकशीसाठी बोलावून हजारोंच्या संख्येने मारलं. या हत्याकांडाला 'सूक चिंग' म्हणतात. आकड्यावर आजही वाद आहे: जपानची बाजू ५ हजारांच्या आसपास सांगते, इतर अंदाज २५ हजारांपासून ५० हजारांपर्यंत जातात. कुणाचे आजोबा त्यात गेलेले असू शकतात.

भारतीयही सुटले नाहीत. मलायातल्या रबराच्या मळ्यांवरचे हजारो तमिळ मजूर सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामावर नेले गेले, त्यातले बरेच परतले नाहीत. त्यांच्या नावांची अशी भिंत क्रांजीत नाही, कारण ते सैनिक नव्हते.

नागरिकांसाठीचं स्मारक शहरात बीच रोडवर आहे. जवळपास ७० मीटर उंचीचे चार खांब: चिनी, मलय, भारतीय आणि युरेशियन. आकारामुळे लोक त्यांना 'चॉपस्टिक्स' म्हणतात. १५ फेब्रुवारीला तिथे श्रद्धांजलीचा कार्यक्रम होतो. १९६७ साली त्याचं अनावरणही याच तारखेला झालं होतं.

घरातलं नाव शोधायचं असेल तर

पणजोबा किंवा गावातलं कुणी मलायाच्या लढाईत बेपत्ता झाल्याचं ऐकलं असेल, तर क्रांजीला जाण्याआधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या वेबसाइटवर नाव शोधा. शोध मोफत आहे. खांबाचा क्रमांक तिथेच मिळतो, नाहीतर २४ हजार नावांत दिवस जाईल. भारतीय नावांची स्पेलिंग तेव्हाच्या कारकुनाने जशी ऐकली तशी आहेत, म्हणून दोन-तीन प्रकारे टाइप करून बघा. आडनाव नसेल तर फक्त पहिलं नाव आणि पलटण घालून बघा. कधी कधी नोंदीत वडिलांचं आणि गावाचं नावही सापडतं.