आप्पा, झेंडापंच आणि 3.717 किलोमीटर

गेले तीन वीकेंड इथे काही लिहिणं झालं नाही. रिलीज होतं, त्यात आप्पा गावाहून आले होते. पण आजचा विषय आप्पांमुळेच मिळालाय, त्यामुळे तक्रार नाही.

मला चेन्नईत येऊन तीन वर्षं झाली, पण आप्पा पहिल्यांदाच आले. मरीना बीच झाला, महाबलीपुरम झालं, आणि चौथ्या दिवशी गाडी "हितं भाकरी कुठं मिळंल का रं?" इथवर आली. शनिवारी त्यांना कुठे न्यायचं हा प्रश्न होता. ऑफिसातला एक तमिळ मित्र म्हणाला, इरुंगाट्टुकोट्टईला रेस आहे, घेऊन जा वडिलांना. आप्पा खटाव तालुक्यातले. पुसेगावच्या यात्रेतलं बैलगाड्यांचं मैदान बंदीची वर्षं सोडली तर त्यांनी कधी चुकवलं नाही. शर्यत म्हटल्यावर वेगळं पटवावं लागलंच नाही.

चेन्नईहून बंगळूर हायवेने साधारण 40 किलोमीटर गेलं की श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टई लागतं. ह्युंदाईचा अवाढव्य कारखाना इथलाच. तिथेच मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक आहे. लांबी 3.717 किलोमीटर, वळणं 12, सुरू झाला 1990 साली. कायमस्वरूपी, खास रेसिंगसाठीच बांधलेला असा हा भारतातला पहिला ट्रॅक.

आम्ही स्टँडमध्ये जाऊन बसलो. ऊन मरणाचं. समोर एलजीबी फॉर्म्युलाच्या गाड्या सुटल्या. कोईमतूरमध्ये बनलेल्या, एका माणसाच्या, मारुतीचं इंजिन बसवलेल्या. आवाज आधी येतो, गाडी नंतर दिसते, आणि दिसली म्हणेपर्यंत गेलेली असते. मग मिनिटभर नुसती शांतता. पुन्हा आवाज.

आप्पांनी पाच-सहा फेऱ्या बघितल्या. मग इकडे तिकडे बघून म्हणाले, "माणसं कुठायत?"

खरंच नव्हती. ड्रायव्हरांचे घरचे, मेकॅनिक, कॉलेजची काही पोरं, गळ्यात मोठाल्या लेन्सा अडकवलेले दोघं-तिघं. आमच्याकडे साध्या गावच्या मैदानाला याच्या कितीतरी पट गर्दी असते. मी "टीव्हीवर बघतात आता" असं काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. पण प्रश्न डोक्यात राहिला आणि पुढचे दोन आठवडे मिळेल ते वाचत बसलो. त्यातलं थोडं इथे देतो.

मंडळी, चेन्नईतली रेसिंग या ट्रॅकवर सुरू झालेली नाही. ती सुरू झाली शहराच्या उत्तरेला, कोलकात्याच्या रस्त्यावर, शोलावरमला. तिथे दुसऱ्या महायुद्धातली एक धावपट्टी पडून होती. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब 1953 साली स्थापन झाला आणि या धावपट्टीवर शर्यती भरायला लागल्या. ही आयडिया काही मद्रासवाल्यांचीच नव्हे. युद्ध संपल्यावर इंग्लंडात रिकामे विमानतळ ढिगाने उरले होते. सिल्व्हरस्टोनही मुळात रॉयल एअर फोर्सचा तळ, 1948 पासून रेस ट्रॅक झाला. रेसिंगला काय लागतं? सपाट, रुंद, सरळ डांबर किंवा काँक्रीट, आणि आजूबाजूला वस्ती नको. धावपट्टीत हे सगळं आयतं मिळतं.

तर शोलावरम. तीस-पस्तीस वर्षं भारतातल्या रेसिंगची पंढरी हीच. आपल्याकडे जशी वर्षाची यात्रा, तशी मद्रासकरांची ही वर्षाची रेस. गाड्या म्हणाल तर परदेशातून आणलेल्या मोजक्या रेसिंग कारपासून ते घरच्या गॅरेजमध्ये पत्रा ठोकून बनवलेल्या खटाऱ्यांपर्यंत सगळं. विजय मल्ल्याने (हो, तोच!) ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला इथे एन्साइन कंपनीची जुनी फॉर्म्युला वन गाडी पळवली होती. कोईमतूरचे एस. करिवर्धन याच मैदानातले. त्यांनी पुढे मारुती 800 चं इंजिन घालून फॉर्म्युला मारुती ही स्वस्तातली रेसिंग कार काढली. नारायण कार्तिकेयन आपली पहिली शर्यत फॉर्म्युला मारुतीतच धावला, तीही याच इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर. 2005 साली तो भारताचा पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर झाला. दुसरा करुण चंढोक, 2010 चा. त्याचे आजोबा इंदू चंढोक मद्रास क्लबच्या संस्थापकांपैकी. म्हणजे आपले पहिले दोन्ही फॉर्म्युला वन ड्रायव्हर या एका क्लबच्या अंगणातून गेलेत.

मित्राचे काका तरुणपणी शोलावरमला जायचे. त्यांना फोन लावला. रेस कोण जिंकलं हे त्यांना एकाही वर्षीचं आठवत नव्हतं. आठवत होती पहाटेची बस, घरून नेलेला दहीभात, धूळ, जळक्या रबराचा वास, आणि गाडी इतक्या जवळून जायची की अंगावर वारा यायचा. "इतक्या जवळून" हे त्यांनी तीनदा सांगितलं.

इथेच खरी मेख आहे.

धावपट्टी विमानासाठी बांधलेली असते. तिच्या कडेला उभ्या राहणाऱ्या माणसाचा विचार त्या डिझाइनमध्ये नसतोच. आपल्या भाषेत सांगायचं तर तो यूज केसच नाही. आणि पन्नाशीच्या दशकात जगभर हेच चाललेलं. 11 जून 1955 ला फ्रान्समध्ये ल मांसच्या 24 तासांच्या शर्यतीत पिएर लवेगची मर्सिडीज पुढच्या गाडीवर आदळून उडाली आणि तिचे तुकडे गर्दीत घुसले. 80 हून जास्त प्रेक्षक गेले. लवेग स्वतःही गेला. स्वित्झर्लंडने त्यानंतर आपल्याकडे सर्किट रेसिंगवर बंदी घातली, ती कित्येक दशकं टिकली. दोनच वर्षांनी, 12 मे 1957 ला, इटलीत मिल्ले मिलियाच्या शर्यतीत फेरारीचं टायर फुटलं आणि रस्त्याकडेला उभे असलेले नऊ जण मेले. त्यात पाच लहान मुलं होती. रस्त्यावरची ती शर्यत त्या रूपात पुन्हा झालीच नाही.

आता थोडं अकरावीचं फिजिक्स. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट. गाडी ट्रॅकवरून सुटली की ही ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. खडीत जिरवा, टायरांच्या भिंतीत जिरवा, नाहीतर ती माणसांत जिरते. म्हणून गाड्या जसजशा वेगवान झाल्या तसतसं वळणाबाहेरचं मोकळं मैदान वाढत गेलं, मध्ये जाळी आली, आणि प्रेक्षक मागे मागे सरकत गेला. स्टँडमधून गाडी लांब दिसते म्हणून मी कुरकुरत होतो. पण त्या अंतरातला एकेक मीटर कुणीतरी जीव देऊन मोजलाय.

धोका संपलाय असं मात्र नाही. 2023 या एका वर्षात याच ट्रॅकवर दोन स्पर्धक गेले. जानेवारीत 59 वर्षांचे एक अनुभवी ड्रायव्हर, आणि ऑगस्टमध्ये बंगळूरचा एक 13 वर्षांचा बाइक रायडर. तेरा वर्षं. हे वाचल्यावर मी लॅपटॉप बंद केला होता.

बरं, प्रेक्षकाला लांब नेऊन सुरक्षित केलं, पण तो आला का? याचं उत्तर शोधायला ग्रेटर नोएडाला जावं लागतं. बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, 5.125 किलोमीटर, डिझाइन हर्मन टिळके या जर्मन आर्किटेक्टचं. 30 ऑक्टोबर 2011 ला भारतातली पहिली फॉर्म्युला वन रेस झाली तेव्हा 95,000 लोक आले होते. त्या शुक्रवारी सरावाच्या वेळी एक भटका कुत्रा ट्रॅकवर आला, त्याचीच बातमी जगभर झाली. :) फेट्टल 2011, 12 आणि 13 अशी तिन्ही वर्षं जिंकला. पण गर्दी वर्षागणिक ओसरली. त्यात उत्तर प्रदेश सरकारने रेसला खेळ न मानता करमणूक मानलं आणि कराचं भांडण लागलं. 2013 नंतर फॉर्म्युला वन तिकडे फिरकली नाही. 2023 च्या सप्टेंबरात मोटो जीपीची एक फेरी झाली, तेवढीच.

मला वाटतं, 95,000 लोक बघायला आले होते, पण त्यांचं तिथे काही गुंतलेलं नव्हतं. शोलावरमच्या गर्दीत अमक्याचा भाऊ, तमक्याचा मेकॅनिक, गल्लीतली ओळखीची गाडी होती. आमच्याकडे मैदानात पाच हजार माणसं असतील तर त्यातल्या निम्म्यांना बैलाचं नाव, गाव आणि तो कुणी केवढ्याला घेतला हे पाठ असतं. रेस बघायला जाणं आणि आपली रेस बघायला जाणं यात फरक आहे राव. 31 ऑगस्ट आणि 1 सप्टेंबर 2024 ला चेन्नईत आयलंड ग्राउंडभोवती साडेतीन किलोमीटरच्या रस्त्यावर रात्रीची फॉर्म्युला फोर झाली. रोज ज्या रस्त्याने ऑफिसला जातो तिथून गाडी सुटलेली बघायला ही झुंबड! रस्ता ओळखीचा होता ना.

आता परत त्या शनिवारकडे.

दुपारी एक गाडी वळणावर घसरली आणि खडीत रुतली. लगेच केशरी कपड्यांतल्या मार्शलने पिवळा झेंडा हलवला. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक करायचं नाही. ड्रायव्हर आपला आपण बाहेर आला. आप्पा ताडकन उठून उभे राहिले. दिवसभरात पहिल्यांदा. "हा झेंडापंच का रे?" मी म्हटलं, हो, तोच. मग निळा, लाल, काळा-पांढरा, सगळे झेंडे समजावून घेतले. तिथून पुढे आप्पांचं लक्ष गाड्यांवर कमी आणि त्या मार्शलवर जास्त.

लहानपणी मैदानाला गेलो की आप्पा मला लांब, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसवायचे. माझे दोस्त पार दोरीला चिकटून उभे असायचे आणि मला बैल मुठीएवढे दिसायचे. याचा मला फार राग होता. तो परतीच्या वाटेवर मी सहज बोलून दाखवला.

आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी कॉलेजात असताना एक गाडी चाकोरी सोडून माणसांत घुसली. माझ्या शेजारी उभा असलेला पोरगा. त्याचा पाय गेला. तू विचारलंस मघाशी, एवढ्या लांब का बसवत्यात म्हणून. मला नाही विचारावं लागलं."

2014 साली सुप्रीम कोर्टाने जल्लिकट्टू आणि आपल्या बैलगाडा शर्यती एकाच निकालात बंद केल्या, तेव्हा आप्पांनी घरची खोंडं विकली. 2021 च्या डिसेंबरात महाराष्ट्रात शर्यतींना अटींसह पुन्हा परवानगी मिळाली. मे 2023 मध्ये घटनापीठाने तमिळनाडू आणि महाराष्ट्र दोघांचेही कायदे मान्य केले. खोंडं काही परत आली नाहीत, पण आप्पा मैदानाला परत जायला लागले. या वर्षी मीही सुट्टी टाकणार आहे.

ट्रॉलीवरच बसेन म्हणतो.

असो. पुढच्या शनिवारी भेटू, रिलीज आडवं आलं नाही तर.