जर्मनीत शिकायला जाताय? खोलीचं भाडं विचारण्याआधी हा एक प्रश्न विचारा

ॲडमिशनचं लेटर आलं. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये सध्याच्या नियमाप्रमाणे वर्षाचे ११,९०४ युरो भरून झाले. व्हिसा लागला, तिकीटही काढलं. मग घरातलं कुणीतरी विचारतं, "सगळं ठीक आहे, पण तिकडे राहणार कुठे?"

बऱ्याच जणांकडे या प्रश्नाचं उत्तर विमानात बसेपर्यंत नसतं. यात त्यांचा फारसा दोषही नाही. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत ४९ हजारांहून जास्त भारतीय विद्यार्थी होते. तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये सगळ्यात मोठा गट आता भारतीयांचाच आहे. विद्यार्थी वाढले, पण सरकारी मदतीने चालणाऱ्या होस्टेलच्या खोल्या त्या वेगाने वाढल्या नाहीत. दहा विद्यार्थ्यांमागे जेमतेम एकाला अशी खोली मिळते. बाकीच्यांनी बाजारात शोधायचं.

बाजारात शोधताना आपण पहिला प्रश्न विचारतो तो भाड्याचा. जर्मनीत पहिला प्रश्न वेगळा असायला हवा: "इथे अनमेल्डुंग होईल का?"

अनमेल्डुंग म्हणजे काय?

सोप्या शब्दांत, पत्त्याची सरकारी नोंदणी. नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत महापालिकेच्या कार्यालयात जाऊन 'मी इथे राहतो' अशी नोंद करायची. हा कायदा जर्मन लोकांनाही लागू आहे. मोठ्या शहरांत दोन आठवड्यांत अपॉइंटमेंट मिळणंच अवघड असतं, त्यामुळे खोली पक्की झाली की लगेच ऑनलाइन तारीख घेऊन ठेवा आणि त्याचा पुरावा जपा.

नोंदणीसाठी घरमालकाच्या सहीचा एक कागद लागतो. त्याचं नाव आहे 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग'. (जर्मन शब्द असेच असतात, सवय होते.) ही व्यक्ती माझ्या घरात अमुक तारखेपासून राहते, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. हा कागद देणं घरमालकाला कायद्याने बंधनकारक आहे. नुसता भाडेकरार दाखवून भागत नाही.

एका कागदासाठी एवढा आटापिटा कशाला? कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं असतं. भारतातून मिळालेला व्हिसा ठरावीक महिन्यांचाच असतो. त्यानंतरचा निवास परवाना त्या-त्या शहराचं परदेशी नागरिक कार्यालय देतं आणि त्यासाठी त्या शहरात नोंद झालेला पत्ता लागतो. पार्ट टाइम नोकरीसाठी लागणारा टॅक्स नंबर पोस्टाने येतो, तोही नोंदणी केलेल्या पत्त्यावरच. बँकेची पत्रं, विम्याचं कार्ड यांचंही तसंच.

इथे एक बारीक गोष्ट सांगायलाच हवी. तिथल्या पत्त्यात सहसा फ्लॅट नंबर नसतो. पोस्टमन लेटरबॉक्सवरचं नाव बघून पत्र टाकतो. बॉक्सवर तुमचं नाव नसेल तर पत्र परत जातं. म्हणून राहायला गेलात की पहिल्याच दिवशी नावाची चिठ्ठी चिकटवा.

'स्वस्त खोली, पण अनमेल्डुंग मिळणार नाही' अशा जाहिराती भरपूर दिसतात. कधी भाडेकरूनेच मूळ मालकाला न विचारता खोली पुढे दिलेली असते, कधी घरात आधीच जास्त माणसं राहत असतात. एअरबीएनबी किंवा हॉस्टेलमध्येही ही नोंद सहसा होत नाही. काही जण तर पैसे घेऊन नुसता पत्ता विकतात: राहायचं दुसरीकडे, नोंद इथे. हे सरळसरळ बेकायदेशीर आहे. असा खोटा पत्ता देणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो आणि घेणाराही अडचणीत येतो. भारतीयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी "टेन्शन नको, सगळे असंच करतात" म्हणालं तरी या वाटेला जाऊ नका.

९९२ युरोंचं गणित

ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. मोजेस मेंडेल्सझोन इन्स्टिट्यूटच्या पाहणीनुसार २०२४ च्या हिवाळी सत्रात शेअरिंगच्या घरातल्या एका खोलीचं सरासरी भाडं देशभरात ४८९ युरो होतं. म्युनिकमध्ये ते ७९० युरो होतं. म्हणजे म्युनिकमध्ये भाडं आणि साधारण दीडशे युरोंचा आरोग्य विमा वजा केला की जेवणाखाणाला पन्नासेक युरो उरतात. यात महिना निघत नाही, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. केमनित्स, माग्डेबुर्ग, इल्मेनाउ अशा पूर्वेकडच्या शहरांत भारतीय विद्यार्थी एवढे का दिसतात, याचं एक कारण हेच आहे. युनिव्हर्सिटी निवडतानाच शहराचं भाडं बघा. नंतर बघून उपयोग नसतो.

वर डिपॉझिट असतं. कायद्याने ते जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं घेता येतं आणि तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे. पहिला हप्ता भाडं सुरू होताना द्यायचा असतो. हा खर्च ९९२ मध्ये बसत नाही. म्हणून ब्लॉक्ड अकाउंटशिवाय दीड-दोन हजार युरो वेगळे ठेवा. एज्युकेशन लोन घेत असाल तर ही रक्कम आधीच त्यात धरा.

फसवणूक नेमकी कशी होते?

पॅटर्न ठरलेला आहे. शहराच्या मध्यभागी चकाचक फ्लॅट, भाडं बाजारापेक्षा बरंच कमी. मेल केला की तासाभरात गोड भाषेत उत्तर. मालक म्हणतो, मी सध्या नोकरीसाठी दुसऱ्या देशात आहे, घर दाखवायला कुणी नाही. तुम्ही डिपॉझिट भरा, मी चावी कुरिअरने पाठवतो, आवडलं नाही तर पैसे परत. विश्वास बसावा म्हणून तो स्वतःचा पासपोर्टही पाठवतो. तो सहसा आधी फसवलेल्या दुसऱ्याच कुणाचा असतो. आणि तुम्ही तुमचा पाठवलात, तर पुढच्या माणसाला फसवायला तो वापरला जातो.

काही जण 'एअरबीएनबीमार्फत पैसे भरा' म्हणून हुबेहूब दिसणारी लिंक पाठवतात. ती साइट खोटी असते.

आपली मुलं यात जास्त का सापडतात? कारण पुण्यात किंवा नाशिकमध्ये बसून घर बघायला जाता येत नाही, ऑक्टोबर जवळ येतो आणि चाळीस मेसेजनंतर आलेलं पहिलं उत्तर देवासारखं वाटतं. म्हणून एक नियम घट्ट धरा: तुम्ही किंवा तुमच्या ओळखीच्या कुणी खोली प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत. अपवाद फक्त विद्यार्थी होस्टेल चालवणाऱ्या अधिकृत संस्थांचा, तोही त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरून अर्ज केलेला असेल तर. ओळखीचं कुणी नसेल तर युनिव्हर्सिटीची विद्यार्थी संघटना किंवा तिथलं महाराष्ट्र मंडळ (म्युनिकमध्ये आहे) यांना विचारून बघा. व्हिडिओ कॉलवर घर दाखवायला सांगा. पण नुसत्या कॉलवर विसंबून पैसे टाकू नका.

मग शोधायचं कुठे?

पहिला अर्ज 'श्टुडिरेंडनवेर्क'कडे. ही विद्यार्थ्यांची होस्टेल आणि मेस चालवणारी संस्था आहे, प्रत्येक भागाची वेगळी. इथे भाडं कमी आणि नोंदणीची कटकट नाही, पण वेटिंग लिस्ट मोठी, काही शहरांत काही सत्रांची. अनेक ठिकाणी ॲडमिशन लेटर येण्याआधीही अर्ज करता येतो, त्यामुळे तुमच्या शहराचा नियम लगेच बघा.

दुसरा मार्ग 'वे-गे', म्हणजे शेअरिंगचं घर. प्रत्येकाची खोली वेगळी, किचन-बाथरूम सामायिक. 'वे-गे गेझुख्ट' ही साइट सगळ्यात जास्त चालते. इथे खोली मालक नाही, तर आत राहणारी मुलं देतात आणि छोटीशी मुलाखत घेतात. सगळ्यांना एकच कॉपी-पेस्ट मेसेज पाठवू नका. जाहिरात वाचून, जर्मनमध्ये पाच-सहा ओळी लिहा: काय शिकणार, कधी येणार, काय स्वयंपाक करता. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात शिकलेलं ए-१ जर्मन इथे कामी येतं.

तिसरा मार्ग आपल्याकडे फारसा माहीत नाही: 'त्स्विशनमीटे'. एखादा विद्यार्थी सहा महिने दुसऱ्या देशात शिकायला जातो आणि तेवढ्यापुरती खोली सामानासकट देतो. पहिल्या सत्रासाठी हे उत्तम, कारण मग पुढचं घर तिथे राहून, डोळ्यांनी बघून शोधता येतं. फक्त घरमालकाची परवानगी आहे का आणि नोंदणी होईल का, हे लेखी घ्या.

कॉलेजजवळच राहण्याचा हट्टही सोडा. ज्या युनिव्हर्सिटीत देशभर चालणारं सेमेस्टर तिकीट मिळतं, तिथे लोकल ट्रेनने शेजारच्या गावातून येणं परवडतं.

जाहिरात वाचताना

'१ त्सिमर' म्हणजे आपला १ आरके. जर्मन लोक किचन-बाथरूम मोजत नाहीत, पण हॉल मोजतात. म्हणजे '२ त्सिमर' हा आपला १ बीएचके. 'काल्ट' लिहिलेलं भाडं मूळ असतं. 'वार्म'मध्ये हीटिंग आणि देखभाल धरलेली असते, वीज आणि इंटरनेट मात्र बहुतेकदा वेगळं. फर्निचर नसलेल्या घरात कधी कधी किचनमध्ये सिंकही नसतं, फक्त भिंतीतून आलेले पाइप. हा विनोद नाही. शिवाय प्रत्येक घराला महिना १८.३६ युरो रेडिओ-टीव्ही शुल्क असतं, टीव्ही असो वा नसो. शेअरिंगच्या घरात ते एकच भरायचं आणि वाटून घ्यायचं.

मालक 'शूफा' मागतात, म्हणजे तिथला सिबिल स्कोअर. नव्याने आलेल्याकडे तो नसणारच. त्याऐवजी ॲडमिशन लेटर, ब्लॉक्ड अकाउंटचा दाखला आणि आई-वडिलांचं हमीपत्र एका पीडीएफमध्ये तयार ठेवा.

खोली मिळाली की चावी घेताना भिंती, फरशी, खिडक्या यांचे फोटो काढा आणि आधीचे डाग-ओरखडे हस्तांतरणाच्या कागदावर लिहून घ्या. हिवाळ्यात रोज दोन-तीनदा पाच मिनिटं खिडकी पूर्ण उघडा. बाहेर शून्याखाली असलं तरी. नाहीतर भिंतीला बुरशी धरते आणि तिचा खर्च डिपॉझिटमधून कापला जातो. सोडताना साधारणपणे तीन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते. ठरावीक मुदतीचा करार असेल तर मधेच सोडता येईलच असं नाही, म्हणून ते कलम सही करण्याआधी वाचा.