प्लॅटिनम रोध तापमापक

तापमान वाढले की प्लॅटिनमचा विद्युत् रोध वाढतो, या गुणधर्मावर चालणारा तापमापक. कारखान्यांत याला ‘आरटीडी’ किंवा नुसते ‘पीटी-हंड्रेड’ म्हणतात, कारण 0° से.ला त्याचा रोध 100 ओहम असतो. 100° से.ला तो 138.51 ओहम होतो, म्हणजे अंशामागे सरासरी 0.385 ओहम. आटगावच्या (ता. शहापूर, जि. ठाणे) वैशाखात हवा 40 अंशांवर गेली, की हाच रोध 115.54 ओहम.

विल्यम सीमेन्स यांनी 1871 मध्ये ही कल्पना मांडली, पण त्यांची तार भट्टीत दूषित होऊन वाचन सरकत असे. ह्यू कॅलेंडर यांनी 1887 च्या सुमारास शुद्ध, ताणरहित तार वापरून तो दोष घालवला. ताणरहित तार हेच आजही या उपकरणाचे मर्म आहे. ताण पडला की तापमान तेच असूनही रोध बदलतो. म्हणून केसाहून बारीक तारेचे वेटोळे ॲल्युमिनाच्या नळीतील छिद्रात सैल ठेवतात आणि भोवती ॲल्युमिनाची पूड भरतात. पातळ-थर प्रकारात ॲल्युमिनाच्या चकतीवर प्लॅटिनमचा थर बसवून लेसरने तो कापत कापत बरोबर 100 ओहमवर आणतात. हा प्रकार स्वस्त, लहान आणि धक्के सोसणारा. मात्र थर चकतीला चिकटलेला असल्याने ताणमुक्त नाही. काटेकोर कामाला तारेचाच घ्यावा.

मोजणीसाठी साधारण 1 मिलीॲम्पिअर प्रवाह सोडतात. जास्त सोडला तर तार स्वतःच तापते. खरी गफलत जोडतारांत होते. दोन तारांच्या जोडणीत त्यांचा 1 ओहम रोध मिळाला, तरी वाचन सुमारे 2.6 अंश जास्त दिसते. तीन तारांत, त्या सारख्या असतील तर, ही चूक वजा होते. चार तारांत ती उरतच नाही. जोडतारांखेरीज संवेदकाची (प्लॅटिनमच्या मोजणाऱ्या भागाची) स्वतःचीही चूक असते: ‘अ’ वर्गाच्या संवेदकास 100° से.ला ±0.35 अंश, ‘ब’ वर्गाच्या संवेदकास ±0.8 अंश चूक चालते.

संवेदक स्टेनलेस स्टीलच्या आवरणात बसवून आत मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड दाबतात. ही पूड ओल शोषते. शहापूर-मुरबाडच्या पावसाळ्यात तोंडाचे सील ढिले असले, की रोधन उतरते, प्रवाह गळतो आणि वाचन कमी दिसू लागते. तेव्हा संवेदक टाकून देण्याआधी 100 व्होल्टवर रोधन मोजावे. सामान्य तापमानाला ते 100 मेगाओहमपेक्षा कमी भरले, तर दोष प्लॅटिनमचा नसून ओलीचा समजावा.