वैद्यकाच्या दाराआधीची खोली

नेरळहून माथेरानला जाणाऱ्या छोट्या गाडीत आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी बसून पाहिले आहे. १९०७ मध्ये सुरू झालेली ही गाडी अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधली आणि त्यासाठी लागलेला पैसा त्यांच्या वडिलांनी, सर आदमजी पीरभॉय यांनी दिला, हेही अनेकांना ठाऊक असते. पण याच आदमजी शेठांनी त्याच सुमारास दूर उत्तरेत, अलीगढच्या कॉलेजात विज्ञानाची शाळा उभी राहावी म्हणून एक लाखाहून अधिक रुपये दिले होते, ही गोष्ट मुंबईतल्या मुसलमानांनाही फारशी माहीत नाही. माथेरानची गाडी लोकांच्या लक्षात राहिली आणि प्रयोगशाळा विसरली गेली. आपल्या समाजाच्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना मला ही दुसरी देणगी जास्त महत्त्वाची वाटते.

कारण असे की, डॉक्टर हा मेडिकल कॉलेजात घडत असला तरी त्याची निवड त्याआधीच होऊन जाते. पदार्थविज्ञान, रसायन आणि जीवशास्त्र हे तीन विषय ज्या खोलीत शिकवले जातात, ती खोली ज्याच्या गावात नाही, ज्याच्या शाळेत नाही, किंवा जिच्या घरच्यांनी तिला तिथे जाऊ दिले नाही, त्यांच्यासाठी मेडिकल कॉलेजचे दार उघडे असून काय उपयोग? अलीगढची कहाणी या दृष्टीने कुणी फारशी सांगत नाही. तिथले राजकारण सांगितले जाते, शेरवानी सांगितली जाते, मुशायरे सांगितले जातात. वैद्यकाच्या दाराआधीची ही खोली तिथे कशी आणि किती उशिरा झाली, तेवढेच इथे पाहू.

सर सय्यद अहमद खान यांनी कॉलेजच्या आधी विज्ञानाची संस्था काढली, हे पुष्कळांना उलटे वाटते. सायंटिफिक सोसायटी १८६४ मध्ये गाझीपूरला स्थापन झाली. सर सय्यद तिथे सरकारी नोकरीत होते. त्याच वर्षी त्यांची बदली अलीगढला झाली आणि संस्थाही त्यांच्याबरोबर गेली. इंग्रजीतली उपयोगी पुस्तके उर्दूत आणायची, शेतीची नवी अवजारे लोकांना दाखवायची, व्याख्याने ठेवायची, असा तिचा व्याप होता. १८६६ पासून तिचे इंग्रजी-उर्दू पत्र निघू लागले. वैद्यकाशीही सर सय्यदांचा संबंध दुरून नव्हता. तरुणपणी ते दिल्लीत तिब्ब शिकले होते. पुढे बनारसला असताना १८६७ मध्ये त्यांनी होमिओपॅथीचा दवाखाना काढण्यात पुढाकार घेतला. युनानीत वाढलेला, होमिओपॅथीवर भरवसा ठेवणारा आणि इंग्रजी विज्ञानाचा प्रचार करणारा हा माणूस कोणत्याही एका रकान्यात बसत नाही.

पण १८७५ चा मदरसा आणि १८७७ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या हस्ते पायाभरणी झालेले कॉलेज उभे राहिले ते मुख्यतः वकील, तहसीलदार आणि डेप्युटी कलेक्टर तयार करणारे. याबद्दल सर सय्यदांना दोष देण्यात अर्थ नाही. १८५७ नंतर उत्तरेतल्या शरीफ घराण्यांना सरकारदरबारी पुन्हा पाय रोवायचे होते, आणि त्यासाठी लागणारे इंग्रजी, कायदा आणि इतिहास हे विषय खुर्चीवर बसून शिकता येत होते. विज्ञानाला मात्र गॅस लागतो, काचेची भांडी लागतात, तराजू लागतो, दरवर्षी फुटणाऱ्या वस्तूंसाठी दरवर्षी पैसा लागतो. आपल्या मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्येच निघाले होते, म्हणजे अलीगढच्या मदरशाच्या तीस वर्षे आधी. अलीगढला विज्ञानाची स्वतंत्र शाळा मिळायला १९०६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी प्रिन्स ऑफ वेल्स, पुढचे पंचम जॉर्ज, कॉलेज पाहायला आले होते. त्यांच्या भेटीची आठवण म्हणून शाळेला त्यांचे नाव दिले गेले. नाव राजपुत्राचे, पैसा बराचसा मुंबईच्या बोहरा शेठचा!

त्याच १९०६ मध्ये अलीगढमध्ये आणखी एक शाळा निघाली. वकील शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी ती मुलींसाठी काढली. या दोन शाळांमधले अंतर चालत जाण्याइतके असेल, पण एका मुलीला ते पार करता आले नाही. ही मुलगी म्हणजे शेख अब्दुल्लांचीच लेक, रशीद जहाँ. तिचा जन्म १९०५ चा. वडिलांच्याच शाळेत शिकलेल्या या मुलीला डॉक्टर व्हायचे होते. म्हणून १९२१ मध्ये तिला लखनौच्या इझाबेला थोबर्न कॉलेजात जावे लागले. हे कॉलेज अमेरिकन मिशनरी बायकांनी चालवलेले. तिथे विज्ञान शिकून १९२४ मध्ये ती दिल्लीच्या लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेजात गेली आणि १९२९ मध्ये डॉक्टर होऊन बाहेर पडली.

थोडा विचार करून पाहा. १९२१ मध्ये अलीगढ विद्यापीठ होऊन जेमतेम वर्ष झाले होते. पहिल्या कुलपती भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम, एक स्त्री! विज्ञानाची इमारत उभी होती. मुलींच्या शिक्षणासाठी उभे आयुष्य वेचणारा बाप घरात होता. तरीही मुलीला बेडकाचे शवविच्छेदन शिकायला दुसऱ्या शहरात, दुसऱ्या धर्माच्या संस्थेत जावे लागले. शेख अब्दुल्लांनी तिला जाऊ दिले, हा त्यांचा मोठेपणा. पण ज्या मुलींचे वडील शेख अब्दुल्ला नव्हते, त्यांचे काय झाले असेल? साहित्याच्या वाचकांना रशीद जहाँ ‘अंगारे’ या १९३२ च्या कथासंग्रहामुळे ठाऊक असतात. सरकारने पुढच्या वर्षी त्यावर बंदी घातली, मौलवींनी त्यांच्या नावाने खडे फोडले. ‘पर्दे के पीछे’ या त्यातल्या त्यांच्या नाटकात एक बाई दुसऱ्या बाईसमोर आपल्या बाळंतपणांची आणि दुखण्यांची गाऱ्हाणी सांगते. स्त्रीरोगांची डॉक्टर असल्याशिवाय ते लिहिता आले नसते. उर्दू साहित्याचे ते पान लखनौच्या प्रयोगशाळेचेही थोडे देणे लागते, असे मी म्हणेन.

आता मुलग्यांकडे वळू. अलीगढने त्यांना तरी काय दिले? सलीमुज्जमाँ सिद्दीकी १९१९ मध्ये अलीगढहून पदवीधर झाले ते फारसी आणि तत्त्वज्ञान घेऊन. १९२० मध्ये ते लंडनला गेले वैद्यक शिकायला. वर्षभरात वैद्यक सोडून ते जर्मनीत फ्रँकफर्टला पोहोचले, रसायनशास्त्राकडे वळले आणि १९२७ मध्ये डॉक्टरेट घेऊन परतले. परत आले ते हकीम अजमल खान यांच्या बोलावण्यावरून.

हकीम साहेबांची लढाई वेगळी होती. मुंबई इलाख्यात १९१२ मध्ये वैद्यकीय नोंदणीचा कायदा झाला आणि त्याने वैद्य-हकीमांना बाहेर ठेवले. इतर प्रांतांतही तेच होऊ लागले. वैद्य आणि हकीम या दोघांना एका छत्राखाली आणून अजमल खान यांनी त्याला उत्तर दिले. दिल्लीच्या करोल बागेत त्यांनी आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बी कॉलेज बांधले. १९१६ मध्ये कोनशिला बसवली व्हाइसरॉय हार्डिंज यांनी, आणि १३ फेब्रुवारी १९२१ रोजी उद्घाटन केले गांधीजींनी. पाच वर्षांत देश किती बदलला होता, हे या दोन नावांवरूनच कळावे. गांधीजींनी त्या दिवशी यजमानांना खूश करणारे भाषण केले नाही. पाश्चात्त्य वैद्यकावर टीका करतानाच त्यांनी त्यातल्या संशोधनवृत्तीला नमस्कार केला आणि वैद्य-हकीमांत ती वृत्ती उरलेली नाही, असे तोंडावर सांगितले. अजमल खान यांनाही नेमके तेच सलत होते. म्हणून तर त्यांना जर्मनीत शिकलेला रसायनशास्त्रज्ञ हवा होता.

१९२७ च्या डिसेंबरात हकीम साहेब वारले. सिद्दीकींनी काम थांबवले नाही. सर्पगंधेचे मूळ आपल्याकडचे वैद्य आणि हकीम शतकानुशतके वापरत आले आहेत. उत्तरेत तिला वेडावरची बुटी म्हणत. १९३१ मध्ये सिद्दीकींनी त्या मुळातून शुद्ध स्फटिकरूप द्रव्ये वेगळी काढली आणि एकाला नाव दिले अजमलीन. उस्तादाचे नाव शागीर्दाने असे रेणूवर कोरून ठेवले! हृदयाच्या ठोक्यांचा एक आनुवंशिक दोष तपासण्यासाठी युरोपातले हृदयरोगतज्ज्ञ आजही अजमलीन वापरतात.

या मुळाची पुढची गोष्ट आपल्या मुंबईची आहे. केईएम रुग्णालयातल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या गोळ्या रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये त्या प्रसिद्ध केल्या. जगाचे डोळे त्यानंतर या मुळाकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये रेसर्पिन सापडले; रक्तदाब उतरतो तो प्रामुख्याने त्यामुळे, अजमलीनमुळे नव्हे. हे स्पष्ट सांगायला हवे, कारण अभिमानाच्या भरात आपली माणसे सगळे श्रेय एकाच नावावर टाकतात. वकील पारशी, सिद्दीकी मुसलमान, आणि कलकत्त्यात याच मुळाचा रक्तदाबावरचा गुण १९३१ मध्ये नोंदवणारे सेन आणि बोस हिंदू.

मजेची गोष्ट अशी की फारसी शिकवून सिद्दीकींना बाहेर पाठवणाऱ्या अलीगढमध्ये पुढच्या दहा वर्षांत विज्ञानाने खरेच मूळ धरले. सर सय्यदांचे नातू रॉस मसूद १९२९ मध्ये कुलगुरू झाले. त्यांनी गणिताची खुर्ची दिली आंद्रे वेय या तेवीस वर्षांच्या फ्रेंच तरुणाला. हा पुढे शतकातल्या मोठ्या गणितज्ञांत गणला गेला. वेयने बोलावून घेतलेल्यांत होते आपले दामोदर धर्मानंद कोसंबी, जे तिथून १९३३ च्या सुमारास पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात आले. वेयचे विद्यापीठाशी पटले नाही आणि १९३२ मध्ये तो गेला. पदार्थविज्ञानात रुडॉल्फ सॅम्युएल हे जर्मन ज्यू प्राध्यापक होते. प्राणिशास्त्र विभाग बाबर मिर्झा यांनी उभा केला, आणि डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलाच्या दृष्टीने हा विभाग गणिताच्या खुर्चीपेक्षा महत्त्वाचा होता.

खोली झाली, तरी दार नव्हते. अलीगढमध्ये इंटर सायन्स करून मुले लखनौला, आग्र्याला जात. गणिती कुलगुरू डॉ. झियाउद्दीन अहमद यांनी अभियांत्रिकी कॉलेज १९३५ मध्ये काढून दाखवले आणि चाळीसच्या दशकात मेडिकल कॉलेजसाठी झोळी घेऊन देशभर फिरले. फाळणी झाली, १९४७ च्या डिसेंबरात ते लंडनमध्ये वारले. ज्यांच्याकडून पैसा यायचा ते अनेक लोक सीमेपलीकडे गेले. मेडिकल कॉलेज शेवटी १९६२ मध्ये सुरू झाले, जवाहरलाल नेहरूंच्या नावाने. मदरशापासून मोजले तर सत्त्याऐंशी वर्षे.

अलीगढचे तिब्बिया कॉलेज मात्र १९२७ पासूनच होते; आज त्याला अजमल खान यांचेच नाव आहे. एका जुन्या प्रश्नाचे उत्तर इथे सापडते. मदरशातून अरबी-फारसी शिकून आलेल्या मुलाला इब्न सीनाचा ‘कानून’ मुळातून वाचता येतो, पण त्याने आम्ल आणि अल्कली यांची भांडी कधी हातात धरलेली नसतात. बारावी सायन्सच्या मुलाचे नेमके उलटे. युनानी शिक्षणाने पहिल्या मुलासाठी एक वर्षाचा पूल बांधला, त्याचे नाव प्री-तिब्ब. मान्यताप्राप्त मदरशाची सनद असलेल्या विद्यार्थ्याने वर्षभर विज्ञानाचे विषय आणि इंग्रजी शिकायचे, मग बीयूएमएसच्या पहिल्या वर्गात बसायचे. या पुलाची अनेकांनी थट्टा केली. बारावीच्या दोन वर्षांचे विज्ञान एका वर्षात कसे मावणार, हा आक्षेप खोटा नाही. आता युनानीच्या प्रवेशालाही नीट परीक्षा आली आहे, त्यामुळे पूल पूर्वीपेक्षा अरुंद झाला. तरीही मला तो मोलाचा वाटतो. तू उशिरा आलास, बस, आम्ही पहिल्यापासून शिकवतो, असे मदरशाच्या मुलाला सांगणारे विद्यापीठातले वर्ग या देशात किती आहेत?

मालेगावच्या मन्सुरा, मुंबईच्या वर्सोवा आणि पुण्याच्या आझम कॅम्पसमध्ये आज युनानी कॉलेजे आहेत, आणि तिथल्या वर्गांत मुली मोठ्या संख्येने दिसतात. रशीद जहाँप्रमाणे त्यांना आधीच्या दोन वर्षांसाठी परगावी जावे लागले की नाही, हे त्यांच्या तालुक्यातल्या ज्युनिअर कॉलेजवर ठरते.

प्री-तिब्बच्या विषयांची उर्दू नावे अशी आहेत: तबीयात म्हणजे पदार्थविज्ञान, नबातात वनस्पती, हैवानात प्राणी, आणि कीमिया म्हणजे रसायन. आपल्या मराठीत हाच अरबी शब्द ‘किमया’ होऊन आला आणि त्याचा अर्थ जादू झाला. अलीगढच्या वर्गात तो अजून रसायनच आहे. तासाच्या सुरुवातीला मुले काचेची नळी धुऊन घेतात.