साथ आणि फौज : धामणगावच्या रुळांवरून

२३ एप्रिल २०२१. विशाखापट्टणमहून निघालेली देशातील पहिली 'ऑक्सिजन एक्स्प्रेस' संध्याकाळी नागपूरला पोहोचली. सपाट वाघिणींवर द्रवरूप प्राणवायूने भरलेले सात टँकर उभे होते. तीन नागपुरात उतरले आणि उरलेले चार घेऊन गाडी नाशिककडे निघाली. वर्धा, पुलगाव, मग वर्धा नदीवरचा पूल. पूल ओलांडला की अमरावती जिल्हा लागतो आणि थोड्याच वेळात धामणगाव रेल्वे. त्या दिवसांत विदर्भातील किती घरे प्राणवायूच्या एका नळकांड्यासाठी दारोदार फिरत होती, हे सांगण्याची गरज नाही.

हा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला, तो प्रामुख्याने कापसासाठी. धामणगावच्या नावात 'रेल्वे' आहे ते उगाच नाही. मूळ गाव वेगळे. स्थानकाभोवती दत्तापूरच्या अंगाने वाढली ती सरकी, जिनिंग, प्रेसिंग आणि दलालांची बाजारपेठ. यवतमाळचा कापूस बैलगाड्यांनी इथे येई, गाठी बांधल्या जात आणि मुंबईच्या बंदराकडे रवाना होत. पण रूळ दोन्ही दिशांना चालतात. मुंबईहून माल येतो, माणसे येतात, शिपाई येतात आणि रोगही येतो.

साथ आली की फौजेने काय करावे, या प्रश्नाला महाराष्ट्राने गेल्या सव्वाशे वर्षांत तीन निरनिराळी उत्तरे पाहिली. पहिले उत्तर सर्वांत प्रसिद्ध आहे आणि बहुधा अर्धेच माहीत आहे. दुसरे सर्वांत भीषण, तरी जवळपास विसरलेले. तिसऱ्याची गाडी वर येऊन गेली.

त्याआधी एक लहानसे विषयांतर. वऱ्हाड आणि फौज यांचे नाते साथीपेक्षा जुने आहे. १८५३ च्या तहाने निजामाने हा प्रांत इंग्रजांच्या हवाली केला, तो 'हैदराबाद कंटिंजंट' या फौजेच्या खर्चापोटी. म्हणजे वऱ्हाडचा शेतकरी सारा भरे, तो कागदोपत्री शिपायांच्या पगारासाठी. त्या फौजेची एक छावणी एलिचपुरास, म्हणजे आजच्या अचलपूर-परतवाड्याला होती. लष्कर हे इथल्या रयतेला कधीच दूरचे प्रकरण नव्हते.

आता १८९६ कडे. सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना एका रुग्णात ग्रंथिज्वराची, अर्थात प्लेगची लक्षणे दिसली. काही महिन्यांत शहरातील लाखो लोक गावाकडे पळाले आणि आगगाड्यांबरोबर रोगही पसरला. युरोपातील बंदरे हिंदुस्थानचा माल नाकारतील या धास्तीने सरकार हादरले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. अवघ्या चार कलमांचा कायदा, पण त्यातील चौथे कलम ध्यानात ठेवण्यासारखे आहे : या कायद्यान्वये सद्भावनेने केलेल्या कृत्याबद्दल कोणावरही दावा लावता येणार नाही.

याच महिन्यात वॉल्टर चार्ल्स रँड या सनदी अधिकाऱ्याची पुण्याच्या प्लेग समितीवर अध्यक्ष म्हणून नेमणूक झाली. त्याच्या सोबतीला डरहॅम लाइट इन्फन्ट्रीचा कर्नल फिलिप्स आणि लष्करी वैद्य बेव्हरिज होते. बेव्हरिजची निवड सहज झालेली नव्हती. १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेग आला तेव्हा तिथल्या ब्रिटिश पलटणीतील शिपायांना ताइ पिंग शान या चिनी वस्तीत घरोघर शिरून रुग्ण शोधण्याचे, घरे धुण्याचे आणि चुना फासण्याचे काम दिले गेले होते. बेव्हरिजला त्या साथीचा अनुभव होता. हाँगकाँगचा तोच साचा पुण्यावर बसवायचा होता.

१३ मार्च १८९७ पासून घरझडती सुरू झाली. मेजर पॅजेटच्या हाताखाली ८९३ अधिकारी व शिपाई या कामावर होते. पेठेचा एखादा भाग वेढायचा, टोळ्या करून घरात शिरायचे, रुग्ण वा संशयित सापडला की त्याला रुग्णालयात धाडायचे, त्याच्या घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत न्यायचे, अंथरूण-पांघरूण जाळायचे, जमीन उकरायची, भिंतींना चुना लावायचा, असा क्रम असे. सोबत एखादा स्थानिक गृहस्थ दुभाषा म्हणून असावा, अशी व्यवस्था होती. मोहीम १९ मेपर्यंत चालली.

शिपाईच का? सरकारचा युक्तिवाद सरळ होता. पालिकेचे नोकर ओळखीपाळखीला बळी पडतील, पोलीस पैसे खातील. गोरा शिपाई मात्र हुकूम पाळील. यात तथ्य नव्हते असे म्हणता येत नाही. पण जो गुण समजला गेला, तोच मोठा दोष ठरला. ज्याला पुण्यात कोणी ओळखत नव्हते, त्यालाही पुण्यातले काहीच ओळखता येत नव्हते. भाषा येत नाही, देवघर कोणते आणि माजघर कोणते ते कळत नाही, साधा ताप आणि प्लेगचा ताप यांतला भेद सांगता येत नाही. बायकांची तपासणी, देवघरातील बूट, हरवलेल्या चीजवस्तू यांच्या तक्रारींचा पाऊस पडला. लेखी हुकूम संयमाचे होते, असे सरकार शेवटपर्यंत सांगत राहिले. तसे ते असतीलही; परंतु अंमल हुकमाचा होत नसतो, अंमल शिपायाचा होत असतो.

आणखी एक गोष्ट आज स्पष्ट दिसते. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगला येर्सिनने शोधला होता. तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे मात्र १८९७ मध्ये कोणालाच नीट ठाऊक नव्हते. उंदरावरील पिसवांचा दुवा पॉल-लुई सिमाँ याने कराचीत उलगडला तो १८९८ मध्ये. म्हणजे नऊशे माणसे पेठा पिंजून काढत होती ती रुग्णाच्या शोधात, आणि खरा वाहक भिंतीच्या बिळातून शेजारच्या घरात निघून जात होता. शिवाय झडतीच्या भयाने लोक रुग्ण दडवू लागले, गाठ लपवून गाव सोडू लागले. रोगाला याहून सोयीचे काय असणार? पुण्यात प्लेग पुढील वर्षांत पुन्हा पुन्हा आला.

याच पुण्यात, याच मार्च महिन्यात, लष्कराशी नाते असलेला एक वेगळा माणूस काम करीत होता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांचा दत्तक पुत्र डॉ. यशवंत लष्करात वैद्यकीय सेवेत होता. आईच्या निरोपावरून तो पुण्यास आला आणि हडपसरजवळ सासाणे मळ्यात त्याने प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाई स्वतः रुग्ण शोधून तेथे आणीत. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणले. मूल वाचले, बाईंना लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले, घरझडती सुरू होण्याच्या तीन दिवस आधी. पुढे १९०५ मध्ये यशवंतही प्लेगनेच गेला. पलटणीचा शिपाई आणि पलटणीचा वैद्य, दोघेही त्या एका साथीत पुण्यात होते. पाठ्यपुस्तकात जागा मात्र पहिल्यालाच मिळते.

पुढचा भाग सर्वज्ञात आहे. २२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाहून परतताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदर चापेकरांनी रँडवर आणि बाळकृष्ण चापेकरांनी लेफ्टनंट आयर्स्टवर गोळी झाडली. आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड ३ जुलैला मेला. दामोदर, बाळकृष्ण, वासुदेव हे तिघे भाऊ आणि त्यांचे साथीदार महादेव रानडे फासावर गेले. 'केसरी'तील लेखनाबद्दल टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. इंग्लंडमध्ये शिपायांच्या वर्तनाबद्दल जाहीरपणे बोललेल्या गोखल्यांना पुरावा उभा करता आला नाही. परत येताच त्यांना माफी मागावी लागली, आणि ती त्यांना फार काळ बोचत राहिली.

टिळकांविषयी एक बारकावा विसरला जातो. त्यांचा विरोध रोगनिवारणाला नव्हता. साथीत शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांवर त्यांनी टीका केली, स्वतः पुण्यात राहिले आणि हिंदू प्लेग रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला. लोकांना दवाखाना हवा होता, वेढा नको होता. हे सरकारलाही उशिरा का होईना उमगले. रँडचा खून आणि मार्च १८९८ मधील मुंबईचा दंगा यांनंतर सक्तीची धार बोथट करण्यात आली. स्थानिक मंडळींची मदत, ऐच्छिक स्थलांतर आणि हाफकिन यांची लस यांवर भर आला. हाफकिन यांनी ती लस जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली होती.

दुसरे उत्तर १९१८ चे. या वेळी फौज साथ निवारायला आली नाही. साथच फौजेबरोबर आली. मेअखेरीस युद्धावरून आलेले एक जहाज मुंबईच्या गोदीत लागले, आणि १० जूनला गोदीवर पहाऱ्यास असलेले सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरमधील दुसरी मात्र काळ होऊन आली. इन्फ्लुएन्झा हा शब्द उच्चारायला अवघड, म्हणून अनेक ठिकाणी लोकांनी तिला 'मानमोडी' म्हटले. रजेवर परतणारे शिपाई, मजूर, व्यापारी सारे आगगाडीनेच प्रवास करीत. मुंबईहून भुसावळ, बडनेरा, धामणगाव, वर्धा, नागपूर हा कापसाचा हमरस्ता रोगालाही मोकळा होता. मध्यप्रांत व वऱ्हाड हा देशातील सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी एक ठरला. त्यात त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महागले होते, आणि सर्वाधिक मेली ती धट्टीकट्टी, कामाच्या वयाची माणसे. ऐन कापूस वेचणीच्या तोंडावर.

येथे फौजेची भूमिका कोणती? अनुपस्थितीची. इंडियन मेडिकल सर्व्हिस ही मुळात लष्करी सेवा होती. तिचे अनेक अधिकारी शांततेच्या काळात जिल्ह्यांचे सिव्हिल सर्जन म्हणून काम करीत, आणि युद्ध आले की त्यांना परत बोलावले जाई. १९१४ नंतर तेच घडले. मेसोपोटेमियाच्या तंबूंत डॉक्टर पोहोचले आणि जिल्ह्याची रुग्णालये ओस पडली. साथ आली तेव्हा गावोगाव औषध वाटले ते शिक्षकांनी, सेवाभावी मंडळांनी, कुठे कुठे पाटील-तलाठ्यांनी. देशभरात या साथीत सव्वा कोटीच्या आसपास माणसे मेली असे काही अभ्यासक मानतात, काहींचा अंदाज पावणेदोन कोटींच्याही वर जातो. १९११ ते १९२१ या दशकात हिंदुस्थानची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. जनगणनेच्या इतिहासात असे दशक पुन्हा आले नाही. १८९७ च्या बळजबरीवर पोवाडे झाले, नाटके झाली, चित्रपट झाले. १९१८ मध्ये न आलेल्या डॉक्टरांवर कोण काय लिहिणार? जुलमाला चेहरा असतो, उणिवेला नसतो. म्हणूनच कदाचित ही कथा विस्मृतीत गेली.

तिसरे उत्तर अजून ताजे आहे. मे २०२० मध्ये नौदलाने 'समुद्रसेतू' मोहीम काढली. आयएनएस जलाश्व मालदीवहून ६९८ भारतीयांना घेऊन १० मेला कोचीला लागली. मालदीव, श्रीलंका व इराण मिळून नौदलाने ३,९९२ जणांना परत आणले. पुढील वर्षी फेब्रुवारीत दुसऱ्या लाटेच्या पहिल्या झळा अमरावतीला बसल्या आणि शहर व अचलपूर परिसरात टाळेबंदी लागली. एप्रिल-मेमध्ये टंचाई होती ती प्राणवायूपेक्षाही तो वाहून नेणाऱ्या टँकरांची. पोलाद कारखाने पूर्वेला, रुग्ण पश्चिमेला. भरलेला टँकर विमानातून नेणे धोक्याचे; म्हणून हवाई दलाने रिकामे टँकर कारखान्यांकडे उडवत नेले आणि भरलेले टँकर रुळांवरून वा रस्त्याने परतले. जाण्याचा वेळ वाचला, म्हणजे तोच टँकर अधिक फेऱ्या करू शकला. इकडे आयएनएस त्रिकंड कतारहून ४० टन द्रवरूप प्राणवायू घेऊन १० मे २०२१ रोजी मुंबईत आली.

तीन प्रसंग शेजारी ठेवले की फरक शिपायाच्या स्वभावात दिसत नाही, कामाच्या वाटपात दिसतो. जहाज, विमान, टँकर, तंबू, शिस्तबद्ध वैद्यक हे लष्कराचे खरे सामर्थ्य. कोणाच्या घरात कोण आजारी आहे, हे शोधण्याचे काम त्याचे नव्हे. ते गल्लीतल्या माणसाचे.

योगायोग असा की महाराष्ट्र शासनाने १८९७ चाच कायदा पुन्हा लागू केला, तो १३ मार्च २०२० रोजी. पुण्यातील घरझडती सुरू झाल्याची हीच तारीख. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली आणि राज्यभर पुन्हा एकदा घराघरांची पाहणी झाली. या वेळी दारात उभ्या होत्या त्या आशा सेविका. हातात तापमापक, बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आणि एक वही. घरातल्या म्हातारीला त्या नावाने हाक मारत होत्या.